पुस्तक परत करायला पुलापलीकडे

अशांत भागात जाणाऱ्या माणसाजवळ सबळ कारण असावं लागतं. माझ्याजवळ मधमाश्यांवरचं पुस्तक होतं.

पुस्तक माझं नव्हे, पुलापलीकडच्या शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं. एकेचाळीस वर्षांपूर्वी हिने, म्हणजे माझ्या बायकोने, ते वाचायला म्हणून आणलं आणि परत करायचं राहिलं. गेल्या वर्षी दवाखान्यात, अगदी शेवटच्या आठवड्यात, ती मला म्हणाली, "अहो, कपाटातलं ते पुस्तक तेवढं परत करा. आठवणीने." मी म्हटलं, "करतो." मला वाटलं, कोपऱ्यावरच्या वाचनालयाचं असेल, येता-जाता देऊन टाकू. बायकोला शब्द देताना माणसाने आधी पत्ता विचारून घ्यावा, एवढं मी अनुभवाने सांगतो.

ती गेल्यावर दहा महिने पुस्तक शोधायला सवड झाली नाही. तिचं नाव कमी करत हिंडत होतो. बँक, गॅस, टेलिफोन, मतदारयादी अशा सात कचेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी अर्ज, दाखल्याची प्रत, आणि खिडकीतला माणूस विचारणार, "नाव कमी करायचंय?" मी म्हणायचो, "हो." तिसऱ्या-चौथ्या खिडकीनंतर सवय होईल असं वाटलं होतं. झाली नाही.

मग एकदा कपाट आवरताना पुस्तक हाती लागलं.

इथे माझा स्वभाव सांगणं भाग आहे. मी वीज कंपनीत मीटर तपासनीस होतो. लोक मीटरमध्ये काय काय करतात ते बघत छत्तीस वर्षं घालवली. कोणी जास्तच अगत्याने चहा विचारला की मी आधी मीटरचं सील बघायचो. हा स्वभाव नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. शिंप्यांचंच घ्या. जगातले सगळे शिंपी डावी बाही आखूड शिवतात. कापड वाचवतात, दुसरं काय? मी अकरा शिंपी बदलले. शेवटी तयार शर्ट घ्यायला लागलो, तर कारखानेवालेही त्यांना सामील. उलट ही घरी स्वेटर विणायची, त्याची डावी बाही नेमकी लांब. घडी घातली की दोन बोटं बाहेर लोंबायची. "टाके मोजता येत नाहीत का तुला?" मी दर थंडीत विचारायचो. "चुकलं हो," ती म्हणायची, आणि पुढच्या स्वेटरला पुन्हा तेच. अंगात घातला की ठीक बसायचा, ती गोष्ट वेगळी. लोकर ताणली जाते.

तर असा मी माणूस ते पुस्तक तपासायला बसलो. जाड, काळ्या पुठ्ठ्याचं, मधमाशीपालनावरचं. आमच्या घरात माशी आली तरी ही दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. तिला मधमाश्या कशाला पाळायच्या होत्या? पुस्तकाच्या समासात पानोपानी तिच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: "सु २ उ २. एकूण ७२. चार ओळींनी १ कमी." पुन्हा "सु २ उ २". शेवटच्या कोऱ्या पानावर दोनच आकडे, साडेएकोणीस आणि साडेअठरा. त्यांच्याखाली रेघ, आणि रेघेखाली लिहिलेलं: "त्याला कळता कामा नये."

मी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला, पुन्हा उघडलं. वाक्य तिथेच होतं.

पुस्तकावरच्या शिक्क्याची तारीख आमच्या लग्नाच्या चार महिने आधीची. त्या वेळी ही त्या शहरात मावशीकडे राहत होती आणि मी सहा महिन्यांच्या बदलीवर तिथे होतो. मावशींचा मीटर छताला टेकलेला. मी स्टुलावर चढून दोन्ही हात वर करून तपासायचो आणि ही खालून बॅटरी धरायची. गरजेपेक्षा जरा जास्त वेळा तपासला, हे कबूल करतो. म्हणजे मी वर हात करून उभा, आणि खाली ही कोणाला तरी काही तरी कळू नये म्हणून झटत होती! बरं, माझ्याविषयी बोलताना ती नेहमी "ह्यांना" म्हणायची. तेव्हा हा "त्याला" मी नव्हेच. मग कोण? आणि मधमाश्यांचा काय संबंध?

ग्रंथालयात रजिस्टर असतं. कोणतं पुस्तक कोणाच्या नावावर गेलं ते त्यात असतं. शब्द पाळायचा होता हे खरंच, पण रजिस्टर बघायचं होतं हेही तेवढंच खरं. बाहेर मी फक्त पहिलं कारण सांगत होतो. त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

आता त्या शहरात गेली दोन वर्षं धुमसतंय. कोण कोणाशी भांडतंय हे रोज पेपर वाचूनही मला समजलेलं नाही, आणि जाऊन आल्यावर तर मुळीच नाही. टपाल बंद आहे, म्हणजे पुस्तक पाठवायची सोय नाही. परवाना घेऊन पुलावरून जायचं आणि चारच्या आत परत यायचं.

मी जाणार हे कळताच समोरच्या दारातले कर्नल आले. ते सैन्यात नव्हते. कापड गिरणीत माल रवाना करायच्या खात्यात होते, पण मिशा तशा असल्यामुळे सगळे कर्नल म्हणतात, आणि अलीकडे त्यांनाही ते खरं वाटायला लागलंय.

"कपडे गडद घालू नका," ते खुर्चीत बसत म्हणाले. "अंधारात लपणारा वाटतो माणूस."

"दिवसाच जाणार आहे मी."

"मग पांढरेही नकोत. लांबून नेम धरता येतो. आणि तिथे कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही."

"बरं."

"पण नजर चुकवायची नाही हं! नजर चुकवली की संशय येतो."

"मग बघू कुठे?"

कर्नलांनी थोडा विचार केला. "गळपट्टीकडे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी मला सांगायला हरकत नाही. खरं काय काम आहे?"

"पुस्तक परत करायचंय."

"असू दे, असू दे. सांगू नका," ते उठले. "मला कळतात या गोष्टी."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. कर्नलांनी तिला कळवलं होतं.

"बाबा, आई तेव्हा औषधाच्या गुंगीत होती. ती मला म्हणाली होती की मांजराला दूध घाल. आपल्याकडे मांजर होतं का कधी?"

"पुस्तक तर सापडलं ना?"

 मग अगदी जपून, जणू मीच तिचा मुलगा आहे अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी रागावणार नाही. तिथे कोणी आहे का?"

"कोणी म्हणजे?"

"कोणी म्हणजे... कोणी. तुम्ही बदलीवर होता तिथे."

मी फोन ठेवला. सदुसष्टाव्या वर्षी पोटच्या मुलीने आपल्यावर जो संशय घेतला, नेमका तोच मी तिच्या आईवर घेत होतो. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

परवाना कचेरीतला अर्ज छापील होता. प्रवासाचं कारण: मृत्यू, विवाह, उपचार, व्यापार, इतर. मी "इतर"वर खूण केली. खिडकीतल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"इतर घेत नाहीत."

"छापलंय ना?"

"छापलंय. पण घेत नाहीत. इतर लिहिणारा माणूस काय करेल ते सांगता येत नाही. तुमच्याकडे मृत्यू नाहीये का?"

"आहे. माझी बायको गेली."

"अरेरे. मग मृत्यूच लिहा की! तिकडे गेल्या ना?"

"नाही. इकडेच."

"मग तिकडे कशाला जाताय?"

मी पुस्तक दाखवलं. त्याने शिक्का बघितला, तारीख बघितली, मला वरपासून खाली बघितलं. "एकेचाळीस वर्षं थांबलात, आणि नेमके आत्ता निघालात?" असं म्हणून त्याने अर्जाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने बारीकशी खूण केली. ती कसली, असं विचारल्यावर "कसली नाही" म्हणाला. पुढच्या तीन आठवड्यांत तो अर्ज चार टेबलांवर फिरला आणि प्रत्येक टेबलावर तिच्याशेजारी आणखी एक खूण झाली. परवाना हाती आला तेव्हा त्याचा कोपरा गोवर आलेल्या पोरासारखा दिसत होता.

निघालो त्या सकाळी थंडी होती, म्हणून हिने विणलेला तपकिरी स्वेटर घातला. कर्नल दारातून ओरडले, "तपकिरी! छान! मातीत मिसळतो!" मातीत मिसळायचा माझा बेत नव्हता, पण हात हलवला.

पुलापर्यंत जीप जाते. आत सहा माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसली होती आणि आपापल्या कामांबद्दल मोकळेपणाने बोलत होती. एकाला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. एक भांड्यांचा व्यापारी होता, त्याला तर तिथे दोनदा बेदम मार पडला होता आणि तो तिसऱ्यांदा चालला होता.

"आणि तुम्ही, काका?" त्याने विचारलं.

"पुस्तक परत करायला."

 एवढ्या गर्दीत माझ्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर जागा झाली. धोकादायक प्रवासात ऐसपैस बसायचं असेल तर खरं बोलावं.

पुलाच्या अलीकडे वाळूची पोती रचलेली, तारांची भेंडोळी, आणि टोलनाक्याची जुनी खोली. प्रत्येकाची पिशवी तारेने बांधून तिला शिशाचं सील ठोकत होते. पलीकडच्या टोकाला ते बघून फोडणार, मधे पुलावर कोणी पिशवी उघडू नये म्हणून. पद्धत चांगली आहे. पण माझ्या पिशवीला ठोकलेलं सील मी बोटाने चाचपून बघितलं. तार दोन पदरी हवी ती एकपदरी, शिसं अर्धवट दाबलेलं. असलं सील मी माझ्या हाताखालच्या माणसाला लावू दिलं नसतं.

आता शहाण्या माणसाने गप्प बसून पुढे जावं. मी म्हटलं, "साहेब, तुमचं हे सील कुचकामी आहे."

"काय म्हणालात?"

"उघडून पुन्हा लावलं तरी कळणार नाही. हे बघा." परवान्याला लावलेली टाचणी मी काढली, शिशाच्या भोकात घातली, तार सैल केली, पिशवी उघडली, मिटली, तार पुन्हा आत सरकवली. दहा सेकंदं लागली असतील. हात अजून चालतो याचा मला आनंद झाला. मी वर बघितलं तर रांग सात-आठ पावलं मागे सरकली होती आणि भांड्यांचा व्यापारी मला ओळखतच नव्हता.

मला खोलीत नेलं. दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, एका पायाखाली वीट असलेलं टेबल, त्यामागे तिशीतला साहेब. त्याची दाढ दुखत असावी. उजवा गाल तळहाताने धरून तो डाव्या बाजूने बोलत होता. कोपऱ्यात बायकांची झडती घेणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्या दिवशी बायका कमी होत्या म्हणून मांडीवर ओढणीखाली काही तरी विणत होत्या.

"आजोबा, हात समोर करा. सरळ."

आजोबा! मला नातवंडं आहेत, पण ती माझी खासगी बाब आहे. मी हात समोर केले.

"दोन्ही सारखे करा."

"सारखेच आहेत."

"डावा मागे घ्या."

"मागेच आहे. म्हणजे, सारखा आहे."

"आजोबा, चेष्टा करू नका. एक हात पुढे काढून तुम्ही काय करणार आहात?"

माझी झडती घेणाऱ्या शिपायाने माझा डावा हात धरून मागे ढकलला. हात खांद्यापाशी अडला, मागे जाईना. "ताठ माणूस आहे," शिपायाने शेरा मारला. छत्तीस वर्षं लोकांच्या घरात ताठ मानेने शिरलेल्या माणसाला भिंतीशी उभं करून हात मोजताना बघायला नशिबाने ही नव्हती. पुढच्याच क्षणी मला वाटलं, ती असायला हवी होती. पोट धरून हसली असती.

साहेबाने पुस्तक उघडलं. "सील उघडायला कुठे शिकलात?"

"वीज कंपनीत."

"तिथे सील उघडायला शिकवतात?"

"कोणी उघडलंय ते ओळखायला शिकवतात. त्यासाठी आधी..."

"पुरे." त्याने मधलंच पान काढून मोठ्याने वाचलं. "'परकी राणी आत शिरल्यास कामकरी तिला चहूबाजूंनी घेरतात व संपवतात.' कोण ही राणी?"

"माशी आहे."

"आणि हे समासात? 'सु दोन उ दोन. एकूण बहात्तर.' हे बहात्तर कोण?"

"मला माहीत नाही."

"पुस्तक तुमचं, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"माझं नाही. बायकोचं. म्हणजे तिचंही नाही. ग्रंथालयाचं."

"बायकोला बोलवा."

"ती गेली."

गालावरचा हात त्याने क्षणभर काढला. पण मग शेवटचं पान उघडलं आणि हात पुन्हा गालावर गेला. "'त्याला कळता कामा नये.' कोणाला?"

"साहेब," मी म्हटलं, "तेच बघायला मी चाललोय."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कर्नलांना नाही, मुलीला नाही. दाढ दुखणाऱ्या अनोळखी माणसाला सांगून बसलो. मग बाकीचंही सांगितलं. शिक्क्याची तारीख, मावशींचा मीटर, "ह्यांना" आणि "त्याला". साहेब ऐकत होता. त्याचा माझ्यावरचा संशय जरा उतरलेला दिसला, आणि त्याऐवजी चेहऱ्यावर जी कीव आली ती मला संशयापेक्षाही सोसेना.

कोपऱ्यातल्या बाई सुया हातात घेऊनच उठल्या. "बघू," म्हणाल्या. साहेबाच्या खांद्यावरून वाकून त्यांनी पान बघितलं, दुसरं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नव्हे, छातीकडे.

"साहेब, सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट. दोन टाके सुलट, दोन उलट. बहात्तर टाके घालायचे. स्वेटर आहे हा."

"कशावरून?"

"कशावरून काय? काकांनी अंगात घातलाय!" त्यांनी सुईचं टोक माझ्या स्वेटरच्या कडेवर टेकवलं आणि मोजायला लागल्या. "हे बघा, सुलट दोन, उलट दोन. चार ओळींनी एक कमी, इथे काखेत. अगदी बरोब्बर. ग्रंथालयात बसून विणत असणार. समोर कुठलं तरी पुस्तक नसलं तर बसू देत नाहीत. आमच्याही वेळी असंच होतं."

"आणि हे शेवटचं? साडेएकोणीस, साडेअठरा?"

"बाह्यांची मापं. डावी साडेएकोणीस इंच, उजवी साडेअठरा."

"बघा!" मी म्हटलं. इतक्या वर्षांचा दावा सिद्ध होत होता, मला राहवेना. "पहिल्यापासूनच चुकत होती ती! डावी बाही नेहमी लांब! मी तिला हजारदा..."

"चूक कशी असेल, काका? लिहून ठेवलंय, खाली रेघ मारलीये." बाईंनी सुया लोकरीत खोचल्या. "हात समोर करा बरं."

मी केले.

 शिपाई माझ्या डाव्या हाताकडे बघत होता, साहेब बघत होता, शेवटी मीही बघितलं. डावं मधलं बोट उजव्याच्या चांगलं इंचभर पुढे होतं. अकरा शिंपी माझ्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. त्यांतला एक तर बिचारा रडला होता.

"एवढे दिवस कळलं नाही तुम्हाला?" साहेबाने विचारलं.

"बाही पुरायची ना," मी म्हटलं.

स्टुलावर उभं राहून मीटरकडे दोन्ही हात केले की डावा वर जात असणार. खालून बॅटरीच्या उजेडात तिने ते बघितलं असणार. लग्नाला चार महिने अवकाश होता, तेव्हा मी "ह्यांना" कुठला? मी "त्याला"च होतो. स्वतःत व्यंग आहे म्हटलं असतं तर मी मावशींच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नसतं, एवढं तिने माझ्यात तेव्हाच ओळखलं होतं. म्हणून चाळीस थंड्या ती "चुकलं हो" म्हणत राहिली, आणि मी तिला मोजायला शिकवत राहिलो.

बाईंनी मला खुर्ची दिली. साहेबाने दाढ धरून खिडकीबाहेर बघितलं, मग परवान्यावर सही केली आणि म्हणाला, "सील नीट कसं दाबायचं ते आमच्या माणसाला दाखवून जा."

दाखवून गेलो.

पूल पायी ओलांडला. अशांत शहराचं वर्णन वाचकाला हवं असतं, म्हणून सांगतो. खिडक्यांच्या काचांना कागदाच्या फुल्या चिकटवलेल्या, दुकानांची शटरं गुडघ्याएवढी उघडी, गिऱ्हाईक वाकून आत जातं आणि वाकून बाहेर येतं. एका भिंतीला भोकं पडली होती आणि तिच्याखाली एक माणूस शांतपणे सायकलचं पंक्चर काढत होता. त्याला ग्रंथालय विचारलं तर त्याने मला संशयाने विचारलं, "कशाला?" मी नुसतं "वाचायला" म्हटलं. त्याने लगेच रस्ता दाखवला.

ग्रंथालयाची इमारत गेल्या वर्षी जळाली होती. ते आता औषधाच्या दुकानामागच्या एका खोलीत होतं. एक कपाट, एक टेबल, आणि चष्म्याला दोरी बांधलेल्या ग्रंथपाल बाई.

"पुस्तक परत करायला आलोय," मी म्हटलं.

बाईंनी दोरीचा चष्मा नाकावर चढवला. "बदल्यात काय पाहिजे?"

"काही नाही."

"जुन्या शिक्क्यावरून इथे राहत होतो असा दाखला मिळणार नाही. आधीच सांगते."

"नको."

त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं, शिक्का उजेडात धरून बघितला. मग उठून कपाटात ते ठेवायला जागा केली, आणि जागा करताना त्यांचे हात फार हळू चालत होते. कपाटात साठ-सत्तर पुस्तकं असतील.

"एवढंच?" मी विचारलं.

"जे लोक वेळेवर परत करायचे त्यांची सगळी जळाली," त्या म्हणाल्या. "ज्यांनी ढापली त्यांच्यामुळे एवढी वाचली. हे चौसष्टावं. मी आयुष्यभर लोकांना परत करा, परत करा म्हणून पत्रं लिहिली. बरं झालं कोणी ऐकलं नाही."

मी तिथेच उभा राहिलो. शब्द पाळून झाला होता. रजिस्टर जळालं होतं आणि मला ते बघायचंही नव्हतं. पण पुस्तक कपाटात गेलं आणि त्याच्याबरोबर ते शेवटचं पानही गेलं.

"शेवटचं एक कोरं पान आहे," मी म्हटलं. "तेवढं मला..."

"पान फाडून द्यायचं? मी?"

"नाही, नाही. बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तक पुन्हा काढून ते पान बघितलं, आणि काय समजल्या कोण जाणे, टेबलापाशी जाऊन बसल्या. "वाचायला नेता येईल. सदस्य आहात?"

"नाही. बायको होती."

"त्यांच्या नावावर न्या."

"ती वारली, बाई. मागच्या वर्षी. कुठे अर्ज द्यायचा असेल तर द्या, मी नाव कमी करून घेतो. दाखला आणलाय." खिशात प्रत होतीच. वर्षभरात खिशाला सवय झाली होती.

"नाव कमी करायला रजिस्टर लागतं. नाव शोधायचं, त्यावर रेघ मारायची, सही करायची. रजिस्टर जळालं. आता रेघ कशावर मारू?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाव कमी होत नाही."

"म्हणजे ती अजून सदस्य आहे?"

"आमच्याकडे आहे," बाई म्हणाल्या, आणि नव्या वहीत तिचं नाव विचारून लिहून घेतलं.

मी नाव सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदाच ते कोणी तरी लिहून घेत होतं. मग त्यांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि बजावलं, "पंधरा दिवस. आणि हे बघा, वेळेवर आणलंच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे सुरक्षित राहील."

"वेळेवर आणीन," मी म्हटलं. ही असती तर म्हणाली असती, बघू या.

साडेतीनला पुलावर आलो. मी शिकवलेली पद्धत पलीकडच्या टोकालाही पोचली होती; तिथे ठोकलेलं पिशवीचं सील अलीकडे येऊन बघितलं. दोन पदरी तार, नीट दाबलेलं शिसं. मला समाधान वाटलं. शिपायाने ते फोडलं आणि पिशवीत हात घातला. मग तो आत गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेबाच्या एका हातात गाल होता आणि दुसऱ्या हातात मधमाश्यांवरचं पुस्तक.

"आजोबा, तुम्ही हे परत करायला गेला होता ना?"

"हो. केलं."

"मग हे काय?"

"वाचायला आणलं."

त्याने शिक्क्याची आजची तारीख बघितली. त्याखालची एकेचाळीस वर्षांपूर्वीची बघितली. खोलीच्या दारातून विणणाऱ्या बाई मान काढून बघत होत्या. मागे जीपच्या रांगेत भांड्यांचा व्यापारी उभा होता. त्या दिवशी त्याला मार पडलेला दिसत नव्हता. तो पुन्हा दोन पावलं मागे सरकला.

"पंधरा दिवसांनी पुन्हा येणार का मग?"

"यावंच लागेल. परत करायचंय."

साहेबाने पुस्तक पिशवीत परत ठेवलं. शेवटी त्याने सुस्कारा सोडला आणि नेमाप्रमाणे म्हणाला, "हात समोर करा."

मी दोन्ही हात समोर केले. डावा पुढे गेला. मी जाऊ दिला.